चौसष्ट मोजेपर्यंत

"भारंबे साहेब, तुमचं लग्न कुठं ठरलेलं तर नाही ना?"

सुपडू मास्तरांनी हे दारातूनच विचारलं. मी हातातला परिच्छेद पुरा केला आणि मगच मान वर केली. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याची बातमी होती, चारच्या आत तारघरात पोचवायची होती.

"नाही."

"घोड्याची भीती?"

"नाही."

"मग उद्या सकाळी नऊला मोकळं राहा. तासाभराचं काम आहे. तात्पुरता नवरा पाहिजे."

त्यांच्या मागून एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला गोरा म्हातारा आत आला. खांद्याला टेपरेकॉर्डरची जड पेटी, छातीशी कातडी फाइल. त्याने मला हात जोडले आणि इंग्रजीत मास्तरांना विचारलं, "हाच का नवरा?"

"हाच," मास्तर मराठीत म्हणाले.

ही १९९३च्या जुलैतली गोष्ट. मी जळगावच्या एका दैनिकाचा भुसावळचा वार्ताहर होतो, वय एकोणतीस. सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, हे आमचं कार्यालय. सुपडू तायडे मास्तर हे तायडे ब्रास बँडचे मालक आणि पहिले ट्रम्पेटवाले. भुसावळात त्यांच्या बँडशिवाय लग्न लागायचं, पण लोकांना ते लागल्यासारखं वाटायचं नाही.

गोऱ्या म्हाताऱ्याचं नाव हॉलोवे. ओहायोतला निवृत्त शाळामास्तर. त्याच्या गावात पन्नासएक म्हाताऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांच्या तरुणपणी अमेरिकेत मोठमोठे बँड असत. तेरा-चौदा वाजवणारे, समोर शेकडो जोडपी नाचतायत. त्या संगीताला ते स्विंग म्हणत. आता ते बँड उरले नव्हते. हे मंडळ त्यांचे जुने कागद गोळा करायचं, स्वतः वाजवायचं आणि दर ऑक्टोबरात त्याचा उत्सव करायचं.

"यात भुसावळ कुठं आलं?" मी विचारलं.

हॉलोवेने सांगितलं ते असं. १९४४ साली अमेरिकन फौजेची एक तुकडी आसामकडे जाताना भुसावळला अडकली. तिच्यात मॅकी नावाचा एक सार्जंट होता, लढाईआधी तो बँडसाठी संगीत लिहायचा. इथे त्याने एक नवी रचना लिहिली आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बँडला दिली. बदल्यात दोन पाट्या आंबे घेतले. इन्स्टिट्यूटचा बँडमास्तर पेरेरा नावाचा गोवेकर होता, बाकी वाजवणारे बहुतेक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि फायरमन. स्वातंत्र्यानंतर ती मंडळी पांगली. जाताना पेरेराने कागदांची पेटी इन्स्टिट्यूटच्या एका शिपायाला दिली. तो शिपाई म्हणजे सुपडू मास्तरांचे वडील. त्यांनी बँड काढला आणि मॅकीची रचना तेव्हापासून वरातीत वाजत होती. पेटीतल्या क्रमांकावरून सगळे तिला सत्तावीस नंबर म्हणत.

मॅकीच्या पेन्सिलीने लिहिलेल्या कच्च्या प्रती मंडळाला त्याच्या माळ्यावर सापडल्या होत्या. ध्वनिमुद्रण मात्र एकही नव्हतं. अमेरिकेत कागद होता, आवाज नव्हता. हॉलोवेने भुसावळच्या स्टेशनमास्तरला पत्र टाकलं, ते आठ महिने टेबलाटेबलांवर फिरून सुपडू मास्तरांकडे आलं.

"मग वाजवा आणि ध्वनिमुद्रण करा," मी म्हणालो. "त्यात नवरा कशाला?"

मास्तरांनी खुर्ची ओढली. "काल इन्स्टिट्यूटच्या हॉलात बसून वाजवलं. पहिल्याच ओळीत गाडी घसरली. आमचा हिशोब पायात आहे ना. बाबांनी सगळ्यांना चालवत चालवत शिकवलं. मग म्हटलं, हॉलातच चालू. चाललो. भिंत आली."

"मग?"

"निम्मे दारातून बाहेर गेले. मग मैदानात गेलो. तिथं वेग किती ठेवायचा ते समजेना, पुढं घोडा नव्हता. घोडा आणला, तर रिकामा चालेना. राजदूत नाव त्याचं, त्याला पाठीवर नवरा लागतो."

"तुमच्यातला एखादा बसवा."

"तेरा सूर, तेरा माणसं. अन् सगळे लग्न झालेले. चौसष्टमध्ये लग्न झालेला माणूस घोड्यावर बसवला तर गाव मारील मला."

चौसष्टचा अर्थ भुसावळच्या माणसाला सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगतो. सत्तावीस नंबर मारुतीच्या पारापासून सुरू होऊन मुलीच्या दाराशी संपायचा. दार वीस पावलांवर आलं की सगळी वाद्यं एकदम थांबायची. बँड जागेवर उभा. बँडचे ढोलवाले रहीमचाचा फक्त ढोलाच्या कडेवर काडी वाजवत चौसष्ट ठोके मोजायचे. टक, टक, टक. घोडा स्तब्ध, वऱ्हाड चिडीचूप. चौसष्ट झाले की तेरा वाद्यं पुन्हा पहिल्या ओळीपासून धडाड्याने उठायची. हे का, ते कोणालाच माहीत नव्हतं. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लोकांनी त्याला अर्थ दिला होता. ती नवऱ्याला दिलेली शेवटची मुभा. चौसष्टच्या आत घोड्यावरून उतरला तर त्याला कोणी काही म्हणायचं नाही. चौसष्ट संपल्यावर घोड्यावर असेल तो नवरा. १९७९ साली वरणगावचा एक मुलगा एकावन्नाव्या ठोक्याला खरंच उतरला होता आणि मुलीकडच्यांनी त्याला जेवू घालून बसमध्ये बसवून दिलं होतं.

"तुम्ही चौसष्टमध्ये उतरून जा," मास्तर म्हणाले. "नंबरही पुरा होईल, तुम्हीही मोकळे. बातमीपण मिळेल."

"दार कोणाचं?"

"नारखेडे गार्डांनी दिलं."

भुसावळात त्या वेळी किमान दोनशे नारखेडे असतील. तरी मी पेन खाली ठेवलं.

"कोणते नारखेडे?"

"तुम्हाला माहीत आहेत तेच," मास्तर म्हणाले आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले.

इतका वेळ हॉलोवे टेबलावर फाइल उघडत होता. आता त्याने एक पिवळं पान माझ्यापुढे सरकवलं आणि हळू आवाजात बोलायला लागला. मी मास्तरांना सांगत गेलो. मॅकीच्या प्रतीत पाच पानं आहेत, मास्तरांच्या पेटीत चारच. चौसष्टच्या जागी मॅकीने शांतता लिहिलेलीच नाही. तिथे तेराही वाद्यं एकत्र आणि सगळ्यात जोरात आहेत. अख्ख्या रचनेचा तो कळस आहे. पाचवं पान कुठेतरी गहाळ झालं असावं.

मास्तरांनी पान घेतलं. त्यांना सुरांची लिपी वाचता येत होती. ओठ न हलवता ते वाचत राहिले, बोटं मात्र मांडीवर ट्रम्पेटच्या कळा दाबत होती. पान संपल्यावर त्यांनी ते उलटं करून पाहिलं.

"झकास आहे," ते म्हणाले. "पण बाबांनी एक सूर कधी गाळला नाही. सांगा याला. मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, चौसष्ट नीट मोजतोस ना?"

मी सांगितलं. हॉलोवेला वाईट वाटलं, पण तो मागे हटला नाही. आपण आठ हजार मैल आलो ते मॅकीने लिहिलं तसं ऐकायला. उद्या ते पान वाजायला हवं.

"ते पान वाजलं तर चौसष्ट उरत नाहीत," मी म्हणालो. "मग मी उतरू कधी?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या विचारात आलेला नव्हता.

"संध्याकाळी पोरांना पान शिकवतो," मास्तर शेवटी म्हणाले. "थांबायचं की वाजवायचं, ते उद्या तिथंच ठरवीन. हात वर केला तर थांबायचं. नाही केला तर वाजवायचं."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्या हाताकडं लक्ष ठेवा."

चारला दहा मिनिटं असताना मी तारघरात गेलो. प्रेस तारांच्या खिडकीवर नारखेडे गार्डांची मुलगी मंदाकिनी बसायची. तीन वर्षं रोज मी तिच्यापुढे मजकूर ठेवायचो आणि ती पेन्सिलीने शब्द मोजायची. मोजताना नको ते शब्द खोडायची आणि माझी सही घ्यायची. संपादकांनी एकदा मला पत्र लिहून माझी भाषा सुधारल्याबद्दल अभिनंदन केलं होतं. ते पत्र मी तिला दाखवलं नव्हतं. दाखवायला हवं होतं, पण त्यानंतर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

"'तीव्र' काढते," ती म्हणाली. "टंचाई आहे म्हटलं की पुरे."

मी सही केली.

"उद्या आमच्या दाराशी येताय म्हणे."

"तालीम आहे. ध्वनिमुद्रणासाठी."

"तालमीला फेटा असतो?"

"घोडा ओळखतो म्हणे, फेटा नसला तर. मी चौसष्टमध्ये उतरणार आहे."

"बरं," ती म्हणाली. "आणखी सहा शब्द जास्त आहेत."

सकाळी नऊला मी मारुतीच्या पारावर पोचलो तेव्हा तिथे दोनशे माणसं होती. चातुर्मास लागलेला, तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही, आणि पारावर घोडा सजतोय. हे बघायला लोक कामं सोडून आले होते. दोन म्हाताऱ्या आरतीचं ताट घेऊन आल्या. मी त्यांना हे खोटं आहे असं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओवाळलं. घोड्यावरच्या माणसाला ओवाळावंच लागतं, खरंखोटं त्याने नंतर बघावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"हे वरपक्षाकडचे का?" कोणीतरी हॉलोवेकडे बोट दाखवून विचारलं.

माझ्या बाजूने दुसरं कोणी नव्हतंच. लोकांनी हॉलोवेला गुलाबी फेटा बांधला, हातात नारळ दिला. त्याने नारळ एका काखेत धरला, दुसऱ्या हातात मायक्रोफोन बांधलेला बांबू, आणि कानावरची यंत्रं फेट्यावरून चढवली.

सत्तावीस नंबर सुरू झाला.

मी तो शेकडो वेळा ऐकला होता, पण बाजूने. घोड्यावरून तो वेगळा लागतो. त्याची चाल सरळ नव्हती. प्रत्येक दुसरा सूर किंचित मागे रेंगाळायचा आणि मग धावत येऊन पहिल्याला गाठायचा, जसं एखादं पोर मुद्दाम लंगडत चालतं तसं. लाल कोटातले तेरा जण तसेच चालत होते. राजदूतही तसाच चालत होता. वास्तविक त्याच्या चारही पायांत काही दोष नव्हता.

हॉलोवे मागे-पुढे पळत होता. एकदा तो माझ्या रिकिबीपाशी आला, डोळे भरलेले होते. "आमच्याकडे असं कोणी वाजवत नाही आता," तो ओरडला. "आम्ही फार व्यवस्थित वाजवतो!"

"तुम्ही चालत वाजवता का?" मी वरून ओरडलो.

"आम्ही खुर्च्यांवर बसतो!"

"मग कसं होईल!" बाजूने चाललेले रहीमचाचा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. खुर्ची एवढं त्यांना कळलं होतं.

रेल्वे क्वार्टर्स मागे पडले. वळणावर नारखेडे गार्डांचं घर दिसलं. दारात ते स्वतः उभे होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी अंगात पांढरा गणवेश आणि हातात घड्याळ. त्यांच्या मागे उंबऱ्यात मंदाकिनी. तारघरातली तिची पाळी दुपारची होती. साडी रोजच्यासारखीच होती. तेवढं मी पाहून घेतलं.

वीस पावलं उरली. मी मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. ट्रम्पेट ओठाला होता, डोळे समोर. हॉलोवे त्यांच्यापुढे उलटा चालत होता आणि पाचवं पान दोन्ही हातांत छातीशी धरून दाखवत होता. बांबू त्याने काखेत घेतला होता, नारळ कुठेतरी पडला असावा. मास्तरांनी पान पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मी त्या दिवशी लिहिलं नाही, आजही लिहीत नाही.

त्यांनी हात वर केला.

तेरा वाद्यं थांबली. टक, टक, टक.

राजदूत पुतळ्यासारखा उभा राहिला. दोनशेची आता पाचशे माणसं झाली होती आणि कोणी खोकतही नव्हतं. मी डावा पाय रिकिबीतून मोकळा केला, विसाव्या ठोक्याला उतरायचं असं ठरवून. मोजणं माझं कामच होतं.

अठरा. एकोणीस. विसावर मी दाराकडे पाहिलं. मंदाकिनीची उजवी तर्जनी पदराच्या काठावर हलत होती. तीही मोजत होती, तार मोजते तशीच.

तीस. हॉलोवेने पान खाली केलं. छत्तीस. गार्डांनी घड्याळ कानाशी नेलं.

चाळीसला ती चार पावलं पुढे आली. चौसष्टमध्ये कोणी बोलत नाही, तशी रीत आहे. ती फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू बोलली.

"उतरायचं असेल तर पन्नासच्या आत उतरा. नंतर घाई होते."

"तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"मी फक्त मोजते," ती म्हणाली. "शब्द तुमचे."

सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास.

मी पाय परत रिकिबीत घातला.

पुढचे चौदा ठोके फार सावकाश गेले. चौसष्टाव्याला मास्तरांचा हात खाली आला आणि सत्तावीस नंबर नेहमीसारखा पुढे गेलाच नाही. तेरा वाद्यांनी एका श्वासात पाचवं पान उचललं, संध्याकाळभर घोकलेलं. समोरच्या घराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी तसं काही त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. हॉलोवेने बांबू सरळ धरला आणि डोळे मिटले. राजदूत मात्र या पानाला सरावलेला नव्हता. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि मी घोड्यावरून उतरलो ते तेव्हा, गार्डांच्या तुळशीवृंदावनाशेजारी.

"हे चौसष्टनंतर झालं," रहीमचाचांनी जमलेल्यांना जाहीर केलं. "धरायचं नाही."

गार्डांनी सगळ्यांना चहाला बसवलं. मास्तर ओट्याच्या टोकाला एकटे बसले होते, पाचवं पान मांडीवर. "बाबांकडून राहिलंच म्हणायचं हे," ते म्हणाले.

"काय राहिलं?" गार्डांनी विचारलं.

मी सांगितलं. गार्ड हसले नाहीत.

"अरे सुपडू, इन्स्टिट्यूटचा हॉल रुळाला लागून. शनिवारच्या नाचात नेमकं याच जागी नऊ चाळीसची मेल जायची. मी तेव्हा नवा ट्रेन क्लार्क होतो, खिडकीतून बघायचो. खिडक्या थरथरायच्या, वाजवलेलं ऐकू यायचं नाही. पेरेराने ते पान स्टँडवरून काढलं अन् सांगितलं, मेल जाईपर्यंत चौसष्ट मोजा. तुझ्या वडिलांनी तसंच उचललं. गाळलं नाही काही."

"आणि मेल गेल्यावर हे वाजवायचं ना मग?"

"मेलच्या मागोमाग पार्सल गाडी असायची."

मी हे हॉलोवेला सांगितलं. मग त्याने विचारलं, मेल रोज वेळेवर असायची का. गार्डांना हा प्रश्न आवडला नाही.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि ट्रम्पेट पुसायला घेतला. तो कोरडाच होता, तरी ते बराच वेळ पुसत राहिले.

"पंचेचाळीस वर्षं आम्ही गाडीसाठी थांबलो," ते म्हणाले. "आता?"

"आता थांबा, मग वाजवा," हॉलोवे म्हणाला. मराठीत सांगायची गरज पडली नाही. त्याने एक हात वर केला आणि खाली आणला.

त्याचं मंडळ अजून आहे, निम्मी माणसं बदलली. दर ऑक्टोबरात ते ती रचना वाजवतात. पाचव्या पानाआधी सगळे उभे राहून चौसष्ट मोजतात आणि सभागृहातली जोडपी नाचता नाचता थांबतात. कोणाला सोडून जायचं असेल तर तेव्हा जावं, असं तिथे आधी वाचून दाखवतात. हॉलोवेने कळवलं होतं की चालत वाजवायला शिकलो, पण घोड्याला परवानगी मिळाली नाही.

त्या दिवशी मात्र मला चारची वेळ गाठायची होती. गुडघ्याला हळद लावून मी तारघरात गेलो. मंदाकिनी खिडकीवर होती. मी मजकूर पुढे सरकवला. सार्जंट, पेरेरा, मेल, पाचवं पान, सगळं क्रमाने होतं. शेवटचं वाक्य असं होतं: 'प्रस्तुत वार्ताहर तात्पुरता नवरदेव म्हणून घोड्यावर होता.'

तिने सुरुवातीपासून मोजायला घेतलं. 'ऐतिहासिक' गेलं, 'अभूतपूर्व' गेलं. शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

मग तिने 'तात्पुरता' वर सरळ रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"इथं सही करा," ती म्हणाली.